पाठकोरे कागद

प्रोफेसर गेल्याला चौदा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांच्यावर सहा भाषणं झाली, संस्थेच्या दारात दारापेक्षा मोठा फोटो लागला, आणि त्यांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं ठरलं. त्यांनी शेवटची तीस वर्षं लिहिलेलं मात्र कुणी उघडून पाहिलं नाही. प्रोफेसरीणबाई हे रोज एकदा तरी बोलून दाखवत, आणि घरातले सगळे रोज एकदा ते मुकाट ऐकून घेत.

प्रोफेसरीणबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. ठेवलं होतं चिडवायलाच, कारण बाईंचं शिक्षण चौथी, आणि चौथीचीही परीक्षा गोवर निघाल्यामुळे बुडालेली. पण बाईंनी ते नाव असं काही मिरवलं की चिडवणारे थकले आणि नाव तेवढं उरलं. अक्षराला अक्षर लावून त्यांना वाचता येत असे. फक्त कुणी समोर असलं की त्या वाचत नसत. चष्मा सापडत नाही म्हणत. गेली चाळीस वर्षं त्यांचा चष्मा सापडत नव्हता, आणि गेली चाळीस वर्षं तो त्यांच्याच गळ्यात लटकत होता.

प्रोफेसरांचा विषय संघराज्य आणि कारभार. म्हणजे देशाने काय ठरवायचं, प्रांताने काय, गावाने काय, आणि ठरवलेलं शेवटी होतं की नुसतंच ठरतं. तरुणपणी त्यांनी यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते परदेशात वाचलं गेलं, आणि ते वाचूनच ही संस्था निघाली. पण मग त्यांचं डोकं फिरलं, असं लोक म्हणत. राजधानीतून निघालेलं एखादं परिपत्रक घ्यायचं आणि ते जिथे जाऊन थांबतं त्या शेवटच्या टेबलापर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. बसने, पायी, जसं जमेल तसं. कचेरीत शिरलं की साहेब कोण ते विचारायचंच नाही. "किल्ली कुणाकडे असते?" हा पहिला प्रश्न. मग त्या किल्लीवाल्या माणसाशेजारी स्टुलावर बसायचं, या हुकमाचं तुम्ही काय केलंत ते विचारायचं, आणि तो सांगेल ते त्याच परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं. पुढे हुकूम, मागे हुकमाचं काय झालं ते.

"एवढा शिकलेला माणूस आणि रद्दीवर लिहितो," बाई म्हणत. "वह्या आणून देऊ का? डझनाने आणते."

"वहीत लिहिलं तर पाठ एकीकडे आणि पोट एकीकडे होईल," प्रोफेसर म्हणत.

"आणि पेन का नाही धरत?"

"पेन रुसलं की शेवटच्या टेबलावर दुसरं मिळत नाही. पेन्सिलीला चाकू पुरतो."

असे चार हजारांवर कागद झाले. बाईंनीच ते जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून चाळीस गठ्ठ्यांत बांधले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात प्रोफेसर त्यांना म्हणाले होते, "माझं पहिलं पुस्तक चुकलंय. ते मुलांना अजून शिकवतात. दुरुस्ती त्या गठ्ठ्यांत आहे. ते नीट जाऊ दे, एवढं कर."

"करते की. मी काय मेलेय का?" बाई म्हणाल्या होत्या.

आणि त्यांनी ते केलं, म्हणजे त्यांना वाटलं तसं केलं. गठ्ठे संस्थेला दिले.

सोमवारी संध्याकाळी सून पोस्टातून आली. ती पोस्टात काउंटरवर होती, त्यामुळे घरचं टपाल पिशवीतूनच यायचं. तिने गॅसवर चहा ठेवला, एक लांबट पाकीट फोडलं, उभ्यानेच वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय गं? कोण गेलं?" बाई म्हणाल्या.

"कुणी नाही. संस्थेची यादी आहे. बाबांच्या कुठल्या वस्तू ठेवल्या आणि कुठल्या नाही, त्याची. माहितीसाठी पाठवलीय."

"वाच."

"लेखनाचं टेबल, एक, ठेवलं. छत्री, एक, ठेवली. चष्मे, तीन, ठेवले. सन्मानपत्रं सतरा, ठेवली. आई, तुम्ही बसा जरा."

"मी बसलेलीच आहे. पुढे वाच."

"जुनी परिपत्रकं, अंदाजे चार हजार. मूळ प्रती अन्यत्र उपलब्ध. निकाली काढणे. गुरुवारी दुपारी तीन वाजता लगद्याच्या कारखान्याची गाडी."

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं त्या घरात दुर्मीळ होतं, त्यामुळे सुनेने गॅस बंद केला.

"त्यांनी पुढची बाजू वाचली," बाई शेवटी म्हणाल्या. "छापलेली. मागे उलटूनच बघितलं नाही. छत्री ठेवली मेल्यांनी!"

"असं कसं करतील? देताना तुम्ही कागदावर सही केली ना? त्यात काय लिहिलं होतं?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. गेल्या वर्षी संचालक स्वतः घरी आला होता. तो प्रोफेसरांचा विद्यार्थी, या घरात वर्षानुवर्षं जेवलेला. तेव्हा काडीसारखा होता म्हणून बाई त्याला बारीकराव म्हणत. पुढे तो सरकारी नोकरीत मोठा अंमलदार झाला, निवृत्त झाला आणि संस्थेवर येऊन बसला. आता त्याच्यात बारीक काही उरलं नव्हतं. त्याने दानपत्र पुढे केलं आणि म्हणाला, "काकू, वाचून घ्या." तो समोर, त्याच्याबरोबर दोन सुटाबुटातली माणसं. बाईंनी चष्मा लावला, कागदावरून नजर फिरवली, मान डोलावली, "ठीक आहे" म्हणाल्या आणि सही ठोकली. एक ओळही वाचली नव्हती. तीन पानं होती. अक्षर लावत बसल्या असत्या तर दिवेलागण झाली असती, आणि त्या दोघांनी बघितलं असतं.

"वाचलं नव्हतं," बाई सुनेला म्हणाल्या. "वाचल्यासारखं केलं."

वीस वर्षांच्या संसारात सासूने चूक कबूल केल्याचा हा पहिलाच प्रसंग. सून शहाणी. तिने त्यावर एक शब्द काढला नाही. दानपत्राची प्रत कपाटातून काढली. दुसऱ्या पानावर होतंच: अनावश्यक आढळलेल्या वस्तू निकाली काढण्याचा अधिकार संस्थेस राहील.

"उद्या रजा टाक," बाई म्हणाल्या.

मंगळवारी दोघी संस्थेत पोहोचल्या. आधी अभिलेख विभाग. तिथला कारकून तरतरीत होता. त्याने नस्ती काढून कोरा तक्ताच दाखवला.

"आजी, हे बघा. क्रमांक, दिनांक, विषय, काढणारी कचेरी. चार रकाने. प्रत्येक कागद यात बसवायचा. मी चार हजार कागद बसवले, एकटा, पाच महिने. मूळ प्रती मुख्य दप्तरात आहेत की नाहीत तेही तपासलं. एकही चूक काढून दाखवा."

"मागे लिहिलेलं दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. पेन्सिलीचं."

"मग?"

"त्याला क्रमांक नाही, दिनांक नाही. मागच्या बाजूला रकानाच नाही, आजी. मी कुठे लिहू?"

तो उद्धटपणे बोलत नव्हता. खरंच विचारत होता. बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि आपल्या नवऱ्याने अशा माणसांशेजारी तीस वर्षं न चिडता कशी काढली असतील, असंही वाटलं.

संचालकाच्या दाराबाहेर त्या सव्वा तास बसल्या. आत गेल्यावर तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. "काकू, शुक्रवारच्या व्याख्यानाची पत्रिका मिळाली ना? पहिल्या रांगेत तुमची खुर्ची आहे. सरांच्या पहिल्या पुस्तकावर मी स्वतः बोलणार आहे."

"ते पुस्तक चुकलंय असं ते म्हणाले होते."

"शेवटी शेवटी माणूस काहीही म्हणतो, काकू."

"बारीक, माझे गठ्ठे परत दे."

"माझ्या हातात असतं तर आत्ता दिले असते. पण निकालीचा निर्णय समितीचा. समितीत बाहेरची माणसं. मी फक्त सही करतो."

"मग समितीला सांग."

"समिती विद्यापीठाच्या नियमांनी चालते. नियम कुलसचिवांच्या कचेरीतून येतात. तिथे अर्ज करा."

बुधवारी दोघी कुलसचिवांच्या कचेरीत. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून परत सरकवला. "ती संस्था स्वायत्त आहे. तिच्या अंतर्गत कामात आम्ही ढवळाढवळ करत नाही. संचालकांना भेटा."

"त्यानेच इकडे धाडलं."

"मग त्यांना नियम माहीत नाही."

"तुमचेच नियम ना?"

"नियम आमचे. अंमल त्यांचा."

बाहेर पायऱ्यांवर बाई मटकन बसल्या. "वरचा म्हणतो खाली जा, खालचा म्हणतो वर जा. आणि मधे माझा नवरा लगद्यात चाललाय. हेच लिहायचे गं ते. हेच! मी जेवायला वाढता वाढता हसायची. म्हणायची, एवढं काय त्यात लिहायला, कारकून ते कारकूनच."

"आई, घरी जाऊ या. काल सकाळपासून तुम्ही धड जेवला नाहीत."

"ते काय विचारायचे पहिलं? कचेरीत गेल्यावर?"

सुनेला ते पाठ होतं. घरात सगळ्यांनाच होतं. "किल्ली कुणाकडे असते."

गुरुवारी सकाळी दोघी पुन्हा संस्थेत गेल्या, पण वर नाही, तळघरात. भांडाराची किल्ली एका पन्नाशीच्या बाईच्या कमरेला होती. तोंड आंबट, आवाज खडा. चाळीस गठ्ठे दाराशीच रचलेले होते. बाईंच्या चादरीच्या पट्ट्या, निळ्या फुलांच्या, जशाच्या तशा.

"एकही कागद मिळणार नाही, आजी. आधीच सांगते," भांडारवाली म्हणाली. "पावती असल्याशिवाय टाचणीसुद्धा बाहेर जात नाही. नोकरी जाईल माझी."

"मी मागितलं का तुझ्याकडे?"

"सगळे मागायलाच येतात. आणि निस्तरायचं मी. मागच्या साली नळ फुटला, पंचवीस पोती भिजली. लगद्यावाला म्हणतो, वजनात पाणी घेत नाही. ओलं एक पान घेत नाही तो! मग नियम काय, ओला कागद सुटा करून वाळवायचा, एकेक. चार दिवस मी आणि झाडूवाला कागद पसरत होतो. वर सभागृहात सगळ्या बाकांवर. कंबर मोडली. कुणी विचारलं का?"

"नाही विचारलं ना?" बाई म्हणाल्या. "कोण विचारणार तुला!"

हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की भांडारवालीने त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. बाई स्टुलावर बसल्या. कोपऱ्यात नळाखाली फरशी पुसायची बादली भरत होती. बाईंनी बादलीकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"काय गं, पोस्टात पाकीट भिजून येतं, तेव्हा पत्ता जातो का?"

"शाईचा जातो," सून म्हणाली. "पेन्सिलीचा नाही जात." आणि मग तिच्या लक्षात आलं. "आई. नाही. आई!"

बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांचे गुडघे कुरकुरत होते. पण त्या बादलीपाशी पोहोचल्या तेव्हा भांडारवाली अजून झाडूवाल्याची कागाळी सांगत होती. पहिली बादली वरच्या गठ्ठ्यांवर गेली. दुसरी भरेपर्यंत भांडारवालीने आरडाओरडा करून तळघर डोक्यावर घेतलं होतं, आणि सून मधे उभी राहून दोघींची क्षमा मागत होती. ती एका पायाने बादली नळाखालीच धरून होती, असं भांडारवालीने पुढे सगळ्यांना सांगितलं.

"माझं नाव लिही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "अहवालात. पाणी मी ओतलं. तुझा काही दोष नाही. सही करते, आण. आणि या वेळी वाचून करीन."

तीन वाजता गाडी आली. लगद्यावाल्याने वरच्या गठ्ठ्यात बोट खुपसलं, बोट पुसलं आणि गाडी वळवली.

भांडारवाली शिव्या देत होती, पण नियम तोंडपाठ होता आणि शुक्रवारच्या व्याख्यानासाठी सभागृह झाडून मोकळं होतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिघींनी आणि झाडूवाल्याने जमेल तेवढे कागद बाकांवर पसरले. ओली बाजू छापलेली असो की लिहिलेली, बाई प्रत्येक कागद पेन्सिलीची बाजू वर करून ठेवत होत्या. भांडारवाली दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा तीही तसंच ठेवू लागली. काही कागद फाटले. सत्तावीस फाटले, सुनेने मोजले. दोन गठ्ठ्यांत कुठल्याशा कचेरीतला शाईचा शिक्का होता, तो पसरून पेन्सिलीवर आला आणि तिथलं काही कळेना. बाईंनी ते कागद बाजूला ठेवले आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

संचालक धावत आला. "काकू, हे काय केलंत? उद्या माझं व्याख्यान आहे इथे! दीडशे माणसं येणार, त्यांना काय कागदांवर बसवू?"

"बसव की. नाहीतरी इतके दिवस तुम्ही त्यावर बसलाच होतात."

तो रागाने बाकांमधून चालू लागला. एका कागदापाशी त्याचा पाय थांबला. तो कागद तसा पुरता भिजला नव्हता. त्याने उचलला, उलटला, छापलेली बाजू पाहिली, पुन्हा उलटला. आणि उभ्या उभ्या वाचत राहिला.

"मोठ्याने वाच," बाई म्हणाल्या. "माझा चष्मा सापडत नाही."

तो वाचेना. सुनेने त्याच्या हातातून कागद घेतला आणि वाचला. पुढे हुकूम होता: पाणीकेंद्रातली कुठलीही दुरुस्ती जिल्ह्याच्या मंजुरीशिवाय करू नये. खाली सही. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: "पंपाचा वॉशर गेला. मंजुरी यायला एकाहत्तर दिवस. नवा वॉशर सगळा वेळ मेकॅनिकच्या खिशात होता, मला दाखवला. लावला असता तर निलंबन. तेवढे दिवस बायका मैलभरावरून पाणी आणत होत्या. हुकूम काढणारा हुशार आहे, माझा विद्यार्थी आहे. त्याची चूक म्हणवत नाही. वर पहारा बसवला की खालची गळती थांबते, हे माझ्या पहिल्या पुस्तकात आहे, आणि तिथूनच त्याने घेतलं. ते प्रकरण पुन्हा लिहायला हवं."

सही संचालकाची होती. तेव्हा तो जिल्ह्याचा अंमलदार होता.

संचालकाने सुनेकडून कागद परत घेतला आणि सहीवर बोट ठेवलं.

"मला हे कधी दाखवलं नाही त्यांनी," तो म्हणाला.

"चार हजारांत होतं. तू चार हजार लगद्यात धाडत होतास."

"मी बघितलं नव्हतं, काकू. शप्पथ."

"ते मला माहीत आहे. बघितलं नाहीस म्हणून तर सगळं." बाईंचा आवाज एकदम चढला. "मीही बघितलं नाही! सही ठोकली. तूही तशीच ठोकलीस. आता तू सांग, याचं करायचं काय?"

त्याने खिशातून यादी काढली. पेन उघडलं. ज्या माणसाने अख्ख्या जिल्ह्याला हुकूम सोडले, तो त्या एका ओळीपुढे शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "निकाली काढणे" खोडलं. बाई वाकून बघत होत्या. त्याने "जतन करणे" लिहिलं नाही. तो अधिकार त्याला नव्हता, समितीला होता. समितीची बैठक चार महिन्यांनी. त्याने लिहिलं: "प्रलंबित."

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"माझ्या हातात एवढंच आहे."

"आणि उद्या? पहिल्या पुस्तकावर बोलणार आहेस ना?"

त्याने वॉशरचा कागद पुन्हा बाकावर ठेवला, अगदी जपून, पेन्सिलीची बाजू वर करून. आणि तो निघून गेला. व्याख्यान सभागृह ओलं असल्याच्या कारणावरून पुढे ढकललं गेलं. सूचनेत असंच लिहिलं होतं, सभागृह ओलं आहे. बाई घरी येईपर्यंत त्याच्या नावाने खडे फोडत होत्या.

प्रलंबित कागद बाहेर नेता येत नाही, फेकताही येत नाही. पण तो बघायला बंदी नाही. तेव्हा बाई रोज सकाळी डबा घेऊन संस्थेत जाऊ लागल्या. गठ्ठे पुन्हा तळघरात उतरले होते. भांडारवालीने स्टूल कायमचं मांडून ठेवलं. बाई चष्मा लावत आणि अक्षराला अक्षर लावत. पहिल्या आठवड्यात अकरा कागद झाले.

"या वेगाने सात वर्षं लागतील, आजी," भांडारवाली म्हणाली. तिने हिशेब केला होता.

"मग सात वर्षं किल्ली नीट सांभाळ. आणि मध्ये बोलू नकोस, माझी ओळ हरवते."

बाराव्या कागदावर विहिरींची खोली दरमहा मोजावी असा हुकूम होता. बाईंनी तो बोट ठेवून वाचला, उलटला, आणि बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं. ओठ हलत राहिले. चौथ्या ओळीला त्यांनी मान वर केली.

"काय झालं?" भांडारवालीने विचारलं.

"मोजायला टेपच दिली नव्हती," बाई म्हणाल्या. "मेल्यांनी टेपच दिली नव्हती! आणि हे मला कधी बोलले नाहीत."

"बोलले असतील. तुम्ही ऐकलं नसेल."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. भांडारवाली किल्ल्या मोजत बसून राहिली. मग बाईंनी तोंड वळवून पाचवी ओळ काढली.